रविवारचं भरतकाम

मनमोहनराव : बाकीचं राहू दे. तो कोण, एवढंच मला सांग.

उर्मिला : कोण तो, बाबा?

मनमोहनराव : सकाळच्या गाडीनं निघून गेलेला.

उर्मिला : कुठल्या गाडीनं?

मनमोहनराव : ते मी तुला विचारतो आहे. रोज सकाळी मोरीत नळ सोडून तू आक्रोश करतेस. इंग्रजीतून. कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा बापाला कळत नाही असं समजू नकोस. एकंदर मजकूर असा, की तो गाडीनं गेला, घरात पावाचा तुकडा नाही आणि बाहेर पाऊस पडतो आहे. पाऊस नव्हता. मी खिडकी उघडून खात्री केली. पण एक बाब खोटी निघाली म्हणून बाकीच्या दोन खोट्या ठरत नाहीत.

उर्मिला : अहो बाबा, ते गाणं आहे!

मनमोहनराव : शेजारच्या दुर्गाबाईंना तसं वाटलं नाही. त्यांच्या सुनेनं त्यांना मराठीत अर्थ सांगितला. काल बिचाऱ्या रुमालात चार पाव बांधून घेऊन आल्या. "संकोच करू नका, अशी वेळ कुणावरही येते," म्हणाल्या.

उर्मिला : म्हणून कालपासून आपण पाव खातोय होय!

मनमोहनराव : मुकाट्यानं खातोय. नको म्हटलं असतं तर गाडीचा विषय निघाला असता.

उर्मिला : खरंच गाणं आहे हो. रेडिओवर लागतं.

मनमोहनराव : मलाही क्षणभर शंका आली. रडणारी बाई तालात राहत नाही, आणि तू चांगली ठेक्यात रडत होतीस. मी दाढी करता करता मात्रा मोजत होतो. बरोबर समेवर गाल कापला. हा बघ.

उर्मिला : मग झालं ना सिद्ध?

मनमोहनराव : काही सिद्ध झालं नाही. ठेक्यात रडणारी मुलगी जास्त काळजीची. शिवाय माझा तरी विचार कर. वाडीच्या समितीचा मी चिटणीस. बाहेर आम्ही गुजराती-मराठी द्वैभाषिक राज्य मोडायला निघालोय आणि माझ्या मोरीत द्वैभाषिक सुखानं नांदतंय. ते असो. रविवारी प्रभातफेरी आहे. बायकांच्या रांगेत पुढे तू. झेंडा घेऊन.

उर्मिला : या रविवारी नाही जमणार, बाबा. पुढचा कुठलाही सांगा.

मनमोहनराव : भरतकाम?

उर्मिला : हो. दादरला, सुभद्राकडे. या रविवारी परीक्षाच आहे म्हणा ना. पास झाले तर मला कायमची घेणार. नाही गेले तर बांद्र्याची एक मुलगी टपून बसली आहे.

मनमोहनराव : भरतकामाला?

उर्मिला : फार चढाओढ आहे त्यात हल्ली.

मनमोहनराव : दिवाळीपासून दर रविवारी तू दादरला जातेस. आता आंबे आले. या घरात अजून एक अभ्रा दिसलेला नाही.

उर्मिला : टाका कठीण आहे.

मनमोहनराव : आणि टाक्याला तुझ्या आईची रेशमी साडी लागते?

उर्मिला : ती... रंग जुळवायला.

मनमोहनराव : नेसून? थांब, कडी वाजली. आले वाटतं मास्तर.

उर्मिला : कोण मास्तर?

मनमोहनराव : बँडवाले, धोबीतलावचे. या फेरीला माझं गीत बँडवर वाजणार आहे. कायतान मास्तर म्हणून आहेत... का गं, पांढरी का पडलीस? या, या मास्तर!

कायतान : नमस्कार, सायब. काय जिना हाय तुमचा! हितं राहणाऱ्या माणसाला ट्रंपेट शिकायची गरज नाय, दम आपोआप वाढते. अरे! मिलीबाय! तू हितं काय करते?

उर्मिला : मी... मी इथं राहते.

मनमोहनराव : मिली?

कायतान : नाय, नाय. चूक झाली, सायब. आमच्या तिकडे एक मिली हाय. सेम तोंड. पण तिचे केस लाल.

मनमोहनराव : तोंड हेच, केस लाल.

कायतान : हां. आणि उंच हाय. लई उंच.

उर्मिला : मास्तर, बसा ना. मी चहा टाकते.

मनमोहनराव : तू बस. चहा मागाहून. मास्तर, मागच्या फेरीची हकीकत तुमच्या कानांवर घालणं मला भाग आहे. गीत माझंच होतं. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जाईतो कुणाचा पाय कुणाच्या पायाला जुळेना. पहिली रांग डाव्यावर, दुसरी उजव्यावर, आणि तिसरी कुठला पाय टाकायचा याचा विचार करत उभीच राहिली. हवालदाराला वाटलं, रस्ता अडवला. त्यानं शिट्टी फुंकली. खरं सांगायचं तर तेवढीच काय ती तालात होती.

कायतान : अरे देवा.

मनमोहनराव : वाडीतली मंडळी आता म्हणतात, चिटणीस, आणखी एक रविवार देतो. नाही जमलं तर करी रोडचा शाहीर कोंडीराम आणायचा. त्याला डफ आहे, आवाज आहे आणि मिशी आहे. मला यांतलं काहीच नाही. मला फक्त गीत आहे.

कायतान : बोला तर खरं. शब्द काय हाय?

मनमोहनराव : ऐका.
"मुंबईवाचुनि राज्य अम्हांला सबब मान्य नाही,
उपरोक्त मागणी मंजूर व्हावी, विलंब योग्य नाही.
कळावे, दिल्ली, कळावे!"

कायतान : मग? गाणं कुठून सुरू होते?

मनमोहनराव : संपलं पहिलं कडवं. समरगीत आहे हे.

कायतान : मला वाटलं, नळाला पाणी नाय त्याचा अर्ज.

मनमोहनराव : उर्मिला, हसू नकोस. ज्या हातानं जन्मभर मसुदे लिहिले, त्या हातातून दुसरं काय उतरणार?

कायतान : नाय सायब, करू कायतरी. मार्चवर टाकून बघू. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट... मुंबई-वाचुनि... लेफ्ट... उप-रोक्त... हां. हितं प्रॉब्लेम हाय. "उपरोक्त"ला पाय वर राहतो. खाली कवा ठेवायचा?

मनमोहनराव : "मंजूर"ला ठेवता येईल?

कायतान : तोपर्यंत माणूस पडेल.

उर्मिला : मास्तर, पायावर कशाला बांधताय त्याला? मागे राहू दे ना. ठेका पुढे जाऊ दे, शब्द मागून येतील सावकाश. "उपरोक्त" जरा लोंबकळला तर लोंबकळू दे. "मागणी"वर सावरून घ्यायचं.

कायतान : स्लो?

उर्मिला : एकदम स्लो. आणि "कळावे" हे शेवटचं नाहीच. सगळं गाणं त्याच्यासाठी आहे. ते धरून ठेवायचं आणि सोडताना खाली आणायचं.

मनमोहनराव : हे सगळं भरतकामात शिकवतात?

कायतान : गा ना, मिलीबाय. म्हणजे सॉरी. ती दुसरी. पण तू पण गा.

(उर्मिला गाते. कायतान मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरतात. "कळावे" तिसऱ्यांदा येतं, तेव्हा शेजारची खिडकी उघडते.)

मनमोहनराव : पुन्हा म्हण.

उर्मिला : सगळं?

मनमोहनराव : "कळावे" तेवढं... बस. हे मी लिहिलंय?

उर्मिला : तुम्हीच.

मनमोहनराव : मी तर रागानं लिहिलं होतं. दात-ओठ खाऊन. आणि तू म्हणालीस तर वाटलं... काय वाटलं ते सांगता येत नाही. मसुद्यात बसणार नाही ते.

कायतान : सायब, मी बोलू? तुमचं माणूस कोणतरी घेऊन चाललाय. तुमी दारात उभं राहून बोलता, नको नेऊ. तो ऐकत नाय. तुमी परत बोलता. आमच्या गाण्यात दुसरं काय असते? तुमी ब्लूज लिहिला, सायब. फकत सरकारी भाषेत.

मनमोहनराव : तुमच्या गाण्यात म्हणजे?

कायतान : जाझ.

मनमोहनराव : आणि हे हिला कसं ठाऊक?

उर्मिला : बाबा, मिली मीच.

मनमोहनराव : ते मला लाल केसांपासूनच कळलं होतं. मास्तर किती लांबवतात एवढंच बघत होतो. कुठे चालतं हे भरतकाम?

उर्मिला : चर्चगेटला. एका हॉटेलात, रविवारी अकराला. वादक जमतात, लोक ऐकायला येतात. आमची गाणारी डॉरिन विलायतेला गेली, कायमची. दोन-दोन गाणी मी म्हणतेच आहे, पण या रविवारी सगळा वेळ मला दिलाय. जमलं तर तिची जागा माझी.

मनमोहनराव : हॉटेलात. म्हणजे दारू.

कायतान : कुठली दारू, सायब? सरकारनं बंद केली ना! लोक कोल्ड कॉफी पितात आणि टेबलावर हात मारतात. एकदम शुद्धीत. आमाला पण शुद्धीत वाजवावं लागते, लई त्रास होते.

मनमोहनराव : आणि गाणी कुठली म्हणता?

उर्मिला : जुनीच हो. वाजवणाऱ्यांना, ऐकणाऱ्यांना, सगळ्यांना पाठ असलेली. पण दर वेळी जो तो आपल्या परीनं म्हणतो.

मनमोहनराव : म्हणजे आपल्या आरत्यांसारखी.

उर्मिला : अगदी तशीच!

मनमोहनराव : मग मधेच एखादा भलत्याच चालीत मोठ्यानं घुसतही असेल.

कायतान : तो आमचा ड्रमर.

मनमोहनराव : हं. आणि तुझ्या आईला यातलं काय ठाऊक आहे?

उर्मिला : साडी कुणी दिली, बाबा?

मनमोहनराव : म्हणजे तुम्ही सगळे चर्चगेटला, आणि दादरला एकटा मी.

उर्मिला : रागावलात?

मनमोहनराव : रागावणार आहे. सवडीनं. आधी फेरीचं बोलू. हे गीत तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही, हे उघड आहे. कोंडीरामालाही नाही, मिशीसकट. तेव्हा रविवारी तू फेरीत गाणार.

उर्मिला : आणि अकरा वाजता?

मनमोहनराव : फेरी सातला निघते.

कायतान : सायब, सातला निघते, पण ह्या ठेक्यावर? गिरगाव नाक्याला वळून परत वाडीत येईपर्यंत लोकांना भूक लागेल. बांद्र्याची पोरगी तोपर्यंत सगळी गाणी गाऊन घरी जाऊन जेवेल.

उर्मिला : मग फास्ट करू या मास्तर!

मनमोहनराव : फास्ट नाही! "कळावे"ला हात लावायचा नाही.

उर्मिला : बाबा, मला अकराला पोचायचंय!

मनमोहनराव : आणि मला दिल्लीला पोचवायचंय!

कायतान : थांबा, थांबा, बापलेक. एक आयडिया हाय. जाताना स्लो, येताना फास्ट. नाक्यापर्यंत "कळावे" रडत जायचं. नाक्याला मी ट्रंपेट वर करणार, की वळायचं आणि तेच गाणं डबल स्पीडमध्ये घेऊन घरी. लोक नाचत येतील. साडेनऊला सगळं खलास. तिकडे अमेरिकेत असंच करतात.

मनमोहनराव : फेरीला?

कायतान : मयताला.

मनमोहनराव : मयताला!

कायतान : जाताना दुःख, येताना बँड. मेलेला माणूस सुटला म्हणून.

मनमोहनराव : आमच्या फेरीत कोण मेलंय?

उर्मिला : द्वैभाषिक, बाबा.

मनमोहनराव : ...हं. हे मंडळींपुढे मांडायला हरकत नाही. मयताचा उल्लेख मात्र दोघांनीही कुठे करायचा नाही.

कायतान : नाय करणार. मग मी निघू? आमच्या ड्रमरला आजच शिकवावं लागेल. "उपरोक्त" म्हणजे काय, तो विचारणार.

मनमोहनराव : सांगा, "वर जे म्हटलं ते". आणि जिना सांभाळून उतरा, मास्तर.

उर्मिला : थँक यू, मास्तर.

कायतान : येते, सायब. येते, मिलीबाय. तुझे लाल केस घेऊन ये हां रविवारी!

मनमोहनराव : दार लाव. दुर्गाबाईंची खिडकी अजून उघडी आहे. संध्याकाळी विचारायला येतील, दिल्लीहून काय वाईट बातमी आली म्हणून.

उर्मिला : आणखी पाव आणतील.

मनमोहनराव : आणू देत. संपलेत... उर्मिला, ते मोरीतलं गाणं. तो गाडीनं गेलेला. शेवटी परत येतो का तो?

उर्मिला : नाही, बाबा.

मनमोहनराव : एवढं बोलावूनही?

उर्मिला : आला तर पुढच्या रविवारी काय म्हणायचं?

मनमोहनराव : त्यांचं ठीक आहे. आपल्याला मात्र मुंबई मिळालीच पाहिजे.

उर्मिला : मिळेल हो.

मनमोहनराव : त्या हॉटेलात काळी टोपी चालते?

उर्मिला : तुम्ही येणार? हो, चालते ना! न चालायला काय झालं? पण मंडळींनी विचारलं, फेरी संपल्या संपल्या चिटणीस कुठे निघाले, तर काय सांगाल?

मनमोहनराव : दादरला. मुलगी अभ्रे कसे भरते ते एकदा बघून येतो म्हणेन.