बर्फाचा डबा

माझ्यासारख्या शंकेखोर म्हाताऱ्याच्या हाती बर्फाचा डबा कधी देऊ नका. माझी जुनी विद्यार्थिनी शबाना नांदेडला डीएनएच्या तुकड्यांपासून सूक्ष्म नळ्या बनवते. अडवणारा तुकडा एन्झाइमने कापला, की बाकीचे आपोआप जुळतात. पण दर वेळी सगळे एकदम सुटून त्यांचा गुंता होई, म्हणून तिचा प्रबंध अडला होता. गारव्याबाहेर एन्झाइम मरतं, म्हणून आमच्या कॉलेजातली त्याची शेवटची कुपी मी बर्फाच्या डब्यात घालून लातूरहून बसने नेली. बर्फ वितळला का, या धास्तीने डबा सारखा उघडत गेलो, आणि त्यानेच तो वितळला.

"सर, हे तर अर्धमेलं झालं की हो," शबाना म्हणाली. तरी तिने तेच घातलं. ते इतकं सावकाश कापत गेलं, की नळ्या सरळ जुळल्या. ती हसतच सुटली.

"आता प्रबंधात लिहावं लागतंय, सर. डबा किती वेळा उघडला?"

"बहुतेक अकरा. पण खात्री नाही. परत लातूरहून येऊन बघू का?"