चिंधा बेपत्ता नाही

आधी माफी मागते. माझं टाईप हळू आहे आणि शुद्धलेखन कच्चं आहे. इथे पोलिस चौकीत जबाब लिहिणारे रायटर रजेवर आहेत म्हणून कौतिक जमादार साहेब म्हणाले, तुला मारता येतं ना, मग तूच मार. साहेब समोर बसून विचारतात, मी मारते. तोंडाने सांगायला मला जमत नाही, त्यापेक्षा हे बरं.

जबाब. दि. १८/१/१९९५, सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

मी जमना वना बाविस्कर, आधीचं नाव चिंधा वना बाविस्कर, वय १८, धंदा टायपिंग, शिक्षण नववी, राहणार पिंप्राळा, जळगाव. ही ओळ तीनदा मारली. दोनदा साहेबांनी कागद काढायला लावला. म्हणाले, "मिसिंगची तक्रार चिंध्याची आहे, जबाब जमनाचा कसा घेऊ?" मी गॅझेट दाखवलं. मग म्हणाले, "बरं, दोन्ही टाक. पुढे चल."

समक्ष हजर होऊन सांगते की, मी आणि माझी आई भिकुबाई, अशा आम्ही दोघी वरच्या पत्त्यावर राहतो. वडील वारले. माझ्याआधी दोन भाऊ जन्मून गेले, मी तरी जगावं म्हणून माझं नाव चिंधा ठेवलं होतं. शाळा नववीत सोडली. का सोडली ते साहेबांनी विचारलं नाही. दोन वर्षांपासून मी मुलीच्या कपड्यात राहते. तहसील कचेरीबाहेर रतिलालभाऊ अर्ज लिहितात, त्यांच्या टेबलावर टाईप मारते.

मागच्या ऑक्टोबरात धुळ्याला मुलींच्या शिवण वर्गात माझा नंबर लागला. राहायचं तिथेच. ३१ जानेवारीच्या आत रेशनकार्डाची नक्कल द्यायची, त्यावर मुलगी पाहिजे. नाही दिली तर जागा दुसरीला जाते.

नाव बदलल्याचं गॅझेटात छापून आलं. त्यात फक्त नाव बदलतं. ते घेऊन मी रेशनच्या कचेरीत गेले. खिडकीवर हिलालअण्णा क्लार्क होते. म्हणाले, "जमना करून देतो. पण नात्याच्या रकान्यात मुलगा आहे, तो तसाच राहील."

मी म्हटलं, "मुलगी करा."

"अगं, मुलगा कमी करायचा तर तो मेला पाहिजे, परगावी गेला पाहिजे, नाहीतर बेपत्ता पाहिजे. मुलगी वाढवायची तर ती जन्माला आली पाहिजे. यात तू कुठे बसते ते सांग."

रांगेतून एक बाई म्हणाली, "बसू द्या ना अण्णा तिला, कधीची उभी आहे." सगळे हसले. मी घरी आले.

दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले डॉक्टरचा कागद आण. डॉक्टर म्हणाले, असा छापील नमुना आमच्याकडे नाही, रेशनवाल्यांकडून नमुना आण. रेशनवाले म्हणाले नमुना डॉक्टरकडेच असतो. शाळेत गेले. तिथे म्हणाले, शाळा सोडली की रजिस्टरला हात लावता येत नाही, सोडायच्या आधी यायचं. एकूण अकरा वेळा गेले. तारखा माझ्या वहीत आहेत, साहेब म्हणतात जरूर नाही.

मग रतिलालभाऊ म्हणाले, "वेडी आहेस. एका अर्जात होत नाही ते दोन अर्जांत होतं. पोलिसात टाक की मुलगा घरातून निघून गेला. त्या कागदावर मुलगा कमी. मग नवा अर्ज, मुलगी वाढवा. दोघांची गाठ कुठेच पडत नाही."

दि. १४/११/१९९४ रोजीचा मिसिंगचा अर्ज मी स्वतः टाईप केला. वर्णन माझंच टाकलं. रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा शाळेचा शर्ट. तो शर्ट खरा होता, आईने त्याची कंदिलाची फडकी केली आहेत. आईला वाचता येत नाही. मी तिला नावाचा अर्ज आहे असं सांगितलं. वाचून दाखवताना वेगळं वाचलं. तिने अंगठा दिला. यात आईची चूक नाही, हे वेगळ्या ओळीत लिहायचं होतं. साहेब म्हणाले सलग लिही.

यावर जमादार साहेबांनी विचारलं, "दोन महिने आमची माणसं तुझा फोटो घेऊन स्टँडवर फिरत होती. आणि तू तहसीलच्या लिंबाखाली टाईप मारत होती? एकदा माझाच रजेचा अर्ज तू मारला ना?" ते खरं आहे.

मिसिंगचा कागद मिळाला नाही. विचारलं की सांगायचे, तपास चालू आहे.

परवा दि. १६ रोजी दुपारी मी कामावर असताना पोलिसांनी आईला घरून जीपमध्ये घेतलं. रतिलालभाऊ सोबत गेले. दीपनगरकडे रुळाजवळ एका मुलाचं प्रेत मिळालं होतं, वय अंदाजे अठरा, अंगात पांढरा शर्ट. चिंधा वना बाविस्कर असावा म्हणून आईला बोलावलं. आपण कशावर अंगठा दिला ते आईला जीपमध्ये कळलं. रतिलालभाऊंनी सांगितलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आईने सांगितलं तसं लिहिते. चादर बाजूला केली तेव्हा रतिलालभाऊ हळूच म्हणाले, "आक्का, हो म्हणा. मृत्यूचा दाखला लगेच मिळेल. पोरीचं काम एका दिवसात होतं."

आई म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या नही शे." मग त्या मुलाच्या आईचं विचारलं, "याना मायले कोन सांगी?"

रतिलालभाऊ तिथून एकटे बसने परत आले. आई संध्याकाळी आली. माझ्याशी बोलली नाही. भाकरी केल्या. काल पण तसंच. आज सकाळी म्हणाली, चाल.

म्हणून सांगते की चिंधा बेपत्ता नाही. तो मुलगा दुसरा कोणीतरी आहे. माझं वर्णन त्याच्या कागदाला लावलं असेल तर काढावं, म्हणजे त्याच्या घरच्यांना तो सापडेल. अजून त्याचं नाव लागलेलं नाही असं साहेब सांगतात.

मिसिंग बंद करायला ताबा पावती लागते. तिच्यात असतं, मुलगा चिंधा सुखरूप मिळाला, ताब्यात घेतला, आईची निशाणी. साहेबांनी पावती लिहिली आणि आईच्या अंगठ्याला शाई लावली. आईने मला विचारलं, काय लिखेल शे. मी खरं वाचलं.

आई अंगठा वर धरून बसली. म्हणाली, "मुलगी लिख, मंग अंगठा देसू."

साहेब म्हणाले, "आक्का, हरवला मुलगा आणि सापडली मुलगी, असा कागद वर पाठवला तर माझा पट्टा निघेल."

"एक डाव खोटावर अंगठा दिधा, भाऊ. काय व्हयनं ते देखं मी. आते नही."

"खोटी खबर दिली म्हणून केस होईल तुमच्यावर."

"व्हऊ दे."

साहेबांनी लिहिलेली पावती बाजूला सरकवली. मग मला म्हणाले, "मार काय मारायचं ते. फाडायला मी आहे." मी दुसरी पावती टाईप केली. मुलगी जमना सुखरूप मिळाली. शाई वाळली होती, परत लावली. आईने अंगठा दिला. साहेबांची सही आणि शिक्का राहिला आहे.

हा जबाब मी आईला पहिल्यापासून शब्दाला शब्द वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी थांबवून परत वाचायला लावलं. बरोबर आहे म्हणाली. माझ्या मते पण बरोबर आहे.

साहेबांनी पावती वाचायला हातात घेतली तेवढ्यात फोन आला, असोद्याच्या रस्त्याला केळीचा ट्रक पलटी झाला आहे आणि लोक घड उचलून नेत आहेत, सगळे तिकडे गेले. पावती सहीशिवाय टेबलावर आहे, आई आणि मी बसून आहोत.