आत्याचं पान

हॅलो?… हां, बोल गं तेजस्विनी… काही ऐकू येत नाहीये, तो मिक्सर बंद कर आधी… हां, आता बोल.

आली? पुस्तकं आली छापखान्यातून? अगं मग हे आधी सांगायचं ना, पाणी येतं का, भाजी काय केली, कसलं काय विचारत बसलीस!… आत्या! ए आत्या, ऐकलंस का, आपल्या घराण्याचं पुस्तक आलं! अमोलकडे आलंय!… कोण आत्या म्हणजे? आपल्याला किती आत्या आहेत? अक्काबाईआत्या. कालच आली येवल्याहून. एसटीने, एकटी. उद्याच्या प्रकाशनासाठी चष्म्याची काच बदलून आलीय. दुसरीपर्यंत शिकलीय ना, जोडून जोडून वाचते. म्हणते, माझं पान मीच वाचणार… आत बसलीय, मेथी निवडतेय.

हॅलो?… अगं आहेस ना?… मग मिक्सर परत कशाला लावलास?

बरं, कसं दिसतंय ते सांग… सोनेरी अक्षरं? मी साधं कव्हर म्हटलं होतं… घराण्याला शोभेलसं. हो, हो. म्हणजे माझ्या भावाचं आणि तुझ्या नवऱ्याचं, अमोलचं डोकं… आणि पहिल्या पानावर फोटो कुणाचा?… अमोलचा. जाकीट घालून. बरं. मग पणजोबा कुठे गेले?… आत, लहान. आणि त्यांची देवळाली कॅम्पातली गोष्ट?… काढली? अगं का? लष्कराच्या भट्टीत पाव भाजायचे ते, पीठ झटकत पहाटे घरी यायचे, त्यावर तर घर उभं राहिलं आपलं… 'आपण बागाईतदार, पाववाले नाही.' असं म्हणाला? वा. द्राक्षं काय पणजोबांबरोबर उगवली होती का?

आणि माझं नाव?… वाच ना, लाजतेस कशाला… 'संकलन साहाय्य.' आणि लेखक?… अमोल. अगं त्याने आयुष्यात व्हॉट्सॲपवर अंगठ्याशिवाय काही लिहिलेलं नाही!… नाही, मी चिडलेली नाही… चिडलेच आहे! का चिडू नये? तीन वर्षं हिंडतेय मी. सटाण्याच्या चुलत्यांकडे गेले, ते बोलायचे अहिराणीत, मी अर्धं समजून अर्धं परत विचारायचे. पंचवटीत वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या गुरुजींच्या दारात ताटकळले. का? तर नुसती नावांची उतरंड नको होती मला. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे मुलगे चार, असले कुलवृत्तांत कपाटात पडून असतात, कोणी उघडत नाही. पोरांनी आपणहून वाचावं, एवढंच माझ्या मनात होतं. तुझा रुद्र मोबाईल खाली ठेवून माझं हस्तलिखित वाचत बसला होता की नाही, सांग… अक्काआजीची गोष्ट. तेच तर.

जाऊ दे. होऊ दे लेखक त्याला. मला एक दे, आत्याचं पान वाचून दाखव. स्पीकरवर टाकते, तिलाही ऐकू दे… उद्या कशाला? पुस्तक समोर आहे ना तुझ्या?… काय?

आत्याला नको आणायला?… दगदग? अगं ती येवल्याहून गर्दीत उभी राहून आली, गंगापूर रोडच्या हॉलपर्यंत रिक्षाने जाताना काय दगदग होणार आहे तिला?… पाहुणे मोठे येणार आहेत, म्हणून? म्हणजे आत्या लहान?… तेजस्विनी. खरं सांग, काय झालंय?… अगं रडतेस कशाला? अमोल काही बोलला का तुला?… मग वाच. जे असेल ते वाच मला.

हं… 'भिमाजी यांना एक बहीण होती.' आमच्या अण्णांना होती का? आहे. बरं, पुढे… काय म्हणालीस?… परत वाच.

थांब. एक मिनिट थांब, स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

हां. आता बोल, हळू बोल. 'बालपणीच निधन पावली.' असं छापलंय? अक्काबाईआत्याबद्दल?… छापखान्याची चूक? मला नको सांगूस. मी तीनदा तपासून दिलं होतं, पूर्ण पानभर मजकूर होता, फोटो होता. एवढं पान गळून पडतं आणि त्या जागी निधन येऊन बसतं, अशी कुठली चूक गं?… हं… वकिलाने सांगितलं? कुलवृत्तांत वकिलाला कशाला दाखवला?… जमिनीमुळे. आडगावच्या… हो, माहीत आहे मला, लेआउट पडतोय तिथे. मी हक्कसोडावर सही दिलीच की, तू नाही का मोरपंखी साडी दिलीस मला! मग आत्याचीही सही घ्यायची. डोळे मिटून दिली असती तिने… नाही घेता येत? का नाही घेता येत?

…कोणी? अण्णांनी? आमच्या अण्णांनी?

…आजोबा गेले तेव्हा… वारस लावायला… हो, ऐकतेय… 'बहीण लहानपणीच वारली' असं सांगून आले चावडीवर. आणि एकट्याचं नाव चढवलं. पाठची सख्खी बहीण, येवल्यात संसार करत होती तेव्हा ती… अमोलला कधीपासून माहीत आहे?… आणि तुला?… म्हणजे मी तुमच्याकडे जुने फोटो मागायला यायचे, तू मला पोहे करून घालायचीस, तेव्हा तुला माहीत होतं. आत्याच्या तब्येतीची चौकशी करायचीस गं तू!

हो, कळतं मला, मी काही कुक्कुलं बाळ नाही. तिचा फोटो छापला, येवल्याचा पत्ता छापला, की उद्या कोणीही उठून विचारणार, ही कोण? म्हणून मारून टाकलीत. मी सही दिली, म्हणून मी जिवंत. असा हिशोब आहे तुमचा.

अगं ऐक ना, मला बोलू दे! काय होतं त्या पानावर, आठवतंय? अण्णा पंचवटीत बोर्डिंगला, आणि ही एवढीशी पोर दर शनिवारी आडगावहून चालत भाकऱ्या पोचवायची. पायात काही नाही. पावसात गाठोडं पोटाशी धरून यायची, भाकरी कोरडी आणि ही चिंब. हे मला आत्याने नाही सांगितलं, अण्णांनी सांगितलं. आणि सांगताना रडायचे गं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे. मला वाटायचं, मायेने रडतात. तसंच लिहिलंय मी. 'बहिणीच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत.' किती मूर्ख मी!

अमोलला दे फोन… बाहेर गेलाय? मग खोकतंय कोण तिथे?… नको देऊस. बसू दे त्याला तोंड लपवून.

काय?… तू काय केलंयस म्हणालीस?… एक प्रत वेगळी बांधून घेतलीस? गुपचूप? तिच्यात आत्याचं पान आहे… फोटोसकट… आणि ती तेवढी तिच्या हातात द्यायची. बाकी सगळ्यांच्या पुस्तकात ती मेलेली आणि तिच्या एकटीच्या पुस्तकात जिवंत… हो गं, तू चांगल्या मनानेच केलंस. माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतोय मला. तिला हॉलमध्येही आणायचं नाही, तर ते पान ती दाखवणार कुणाला? येवल्याच्या भिंतीला?

नाही, मी गप्प बसणार नाही. मी उद्या तिला घेऊन… अगं बाई!

आत्या… तू कधी आलीस इकडे?… काही नाही गं, ते पुस्तकाचंच चाललंय आमचं… दार? दार लोटलंच होतं मी… कुठवर ऐकलंस?… सगळंच?

आत्या, बस तू आधी. इथे बस… नको, तू नको बोलूस तिच्याशी, मी बोलते ना… अगं नको म्हणते ना… बरं. घे. इकडून ऐकायचं, असं कानाला धर. तेजस्विनी, आत्या बोलतेय. फोन ठेवू नकोस.

"हॅलो… कोण, सूनबाई का? मी अक्काबाई… रडू नको बाई. तू नव्हतीस तवा घरात, तुझा काय दोष हाय… नाय, नाय, जमीन नको मला. आता काय करू जमीन घेऊन… सही? कशी करू सही, मेलेल्या माणसाची चालती व्हय?… ते पुस्तक नको पाठवू. एकटीनं काय वाचू त्यात… नाय, रागावले नाय. भिमाला लय जपलं मी, रागावता यायचं नाय मला… एक सांग फक्त. तुझ्या सासूनं कधी काय सांगितलं आसन तर सांग. मी मेले म्हणून भिमा चावडीवर बोलून आला, तवा घरी आल्यावर त्यानं माझ्या सुतकाचं पाणी डोक्यावरून घेतलं व्हतं का?… का तसाच जेवायला बसला?… सांग की… सूनबाई?… हॅलो?… संध्ये, बंद पडला गं ह्यो."