मेंढीचं डोकं कोणाला

किर्गिझस्तानच्या नव्या राज्यघटनेवर उद्या राजधानी बिश्केकमध्ये, प्रतिनिधींच्या सभेत मतदान, आणि पंतप्रधान कोणी नेमायचा हे एकच कलम अडलेलं. चहाच्या रांगेत टंकलेखिका सायकालच्या पुढेच दोन प्रतिनिधी हुज्जत घालत होते: नारिनचे म्हातारे जपारकुल आणि ओशचा तरुण वकील एर्किन.

“राष्ट्राध्यक्षच नेमेल. मेजवानीत मेंढीचं डोकं मानकऱ्यालाच देतात, वकीलसाहेब.”

“देतात ना, काका. मग तो एकटाच खातो?”

“एकटा कसा खाईल? कापून सगळ्यांना वाटतो. नाहीतर पुढच्या वेळी त्याला बोलावतं कोण?”

“मग तेच लिहू. नाव अध्यक्षाने सुचवायचं, होकार सभेने द्यायचा.”

“म्हणजे डोकं त्याचं, सुरी तुमची?”

“आपली, काका. तुम्हीही सभेतच बसता.”

“हं. लिही तसं. आणि कान तू घे, तो पोराटोरांनाच देतात.”

सायकाल चहा न घेताच टंकयंत्राकडे निघाली.