निवृत्तीअण्णांचे हत्ती आणि चढावरचा चर

विठ्ठल, विठ्ठल! टाळकरी, जरा दम खा. मंडळी, ऐका! आज काल्याचं कीर्तन. हंडी समोर टांगलीय आणि तुमचे डोळे तिच्याकडं — मला इथून सगळं दिसतं! पण हंडी फुटायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. घरातला सगळ्यात चांगला पैसा कोणता? लोकांना दिसतो तो — का कुणालाच दिसत नाही तो?

काय म्हणता मावशी? "डाळीच्या डब्यात लपवलेला!" शाबास! पण आता डबा कुठला ते मालकांना कळलं की हो!

मी डब्यातला नाही विचारत. मी विचारतोय जमिनीत पुरलेला! ऐका.

एक गाव. नाव नाही सांगत — तुमचे तिथं पाहुणे असायचे! त्या गावात निवृत्तीअण्णा घोलप. माणूस सज्जन, गळ्यात माळ, एकादशीला साबुदाणासुद्धा खायचा नाही. पण दुखणी दोन. एक — लोक काय म्हणतील! आणि दुसरं — शेजारचा गेनूतात्या! अकरा वर्षं बोलणं बंद. का? जमिनीवरून? छे! बांधावरच्या शेवग्याच्या शेंगांवरून! शेंगा तुझ्या का माझ्या! दरवर्षी शेंगा वाळून जायच्या, भांडण मात्र हिरवंगार!

तर अण्णांनी नवं घर बांधलं. स्लॅबचं. आत संडास-बाथरूम, मागं सेप्टिकची टाकी. दस्तगीर मिस्त्री म्हणाला, "अण्णा, टाकी झाली. पण टाकीतनं जे पाणी भाईर पडणार, ते मुरायला जागा पायजे. तुमचं अंगण काळ्या मातीचं, त्यात मुरत न्हाई. तीन लांब चर खणू, त्यात खडी, खडीत भोकाचा पाइप, वर माती. चाळीस हजार."

"चाळीस हजार! मातीत पुरायला? कुणाला दिसणार रे ते?"

"कुणालाच न्हाई. दिसलं तर समजा घोटाळा झाला!"

"आणि चर न्यायचे कुठं?"

"उतार ईशान्येला हाय. तिकडं गेनूतात्याची पडीक पट्टी. मुरमाड जमीन, ईहीर बी लांब. त्यास्नी इचारा."

झालं! गेनूतात्याचं नाव निघालं, आणि अण्णांना एकदम वास्तुशास्त्र आठवलं! "ईशान्य? देवाची दिशा! तिथं ही घाण? नैर्ऋत्येला खण."

"अण्णा, तिकडं चढ हाय!"

"खण म्हणतो ना!"

खणला! दहा फुटांचा एकच चर, सहा हजारांत — चढावर! मंडळी, अण्णांना पंचांग वाचता येत होतं, मिस्त्रीला येत नव्हतं, आणि पाण्याला तर अक्षरओळखच नाही! पाण्याला एकच दिशा कळते — खाली!

मग वाचलेल्या पैशाचं काय केलं? त्यात भर घातली आणि दारात ऐंशी हजारांची कमान! वर सिमेंटचे दोन हत्ती. कारागीर कुठला आणला कुणास ठाऊक, पोरं म्हणायची, रेड्यांना सोंडा फुटल्यात! पण येणारा-जाणारा थांबून बघायचा. अण्णा ओट्यावर बसून बघणाऱ्याला बघायचे. काय तो आनंद!

वर्ष गेलं. अण्णांची एकुलती एक लेक कावेरी, तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरचा मान! अण्णांच्या मंडळींनी, अनसूयाबाईंनी, कोपऱ्यातली खोली रंगवून घेतली, पाळण्याला कडी लावली. ठरलं असं, की डोहाळजेवण इथंच करायचं आणि विहीणबाईंनी सुनेला ठेवून जायचं. अंगणात चार खांब रोवून फुलांचा झोपाळा बांधला. शंभर बाया जमल्या!

आता शंभर बाया म्हणजे पाणी किती लागणार? टाकी काठोकाठ भरली. पाणी चराकडं गेलं. चर म्हणाला, बाबा, इथं चढ आहे, तू माघारी जा! पाणी फिरलं — आणि अंगणात वर आलं.

हिरव्या साडीत कावेरी झोपाळ्यावर बसली. बायांनी गाणं धरलं. आणि झोपाळा... एका अंगानं... हळूहळू... खाली! खांब चिखलात चाललेला! विहीणबाई ओटी भरायला पुढं झाल्या, पाय टाकला — पचाक! पैठणीचा काठ घोट्यापर्यंत आत! आणि वास? तो नाही सांगत — तुम्हाला अजून काला खायचाय!

कावेरीला दोघींनी धरून उतरवलं. काही झालं नाही, देवाची कृपा. पण विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या हत्तींना माझा नमस्कार. पण असलं पाणी ज्या अंगणात, तिथं माझी सून बाळंत व्हायची न्हाई. पंधरा दिवसांत निस्तरा, न्हाईतर बाळंतपण आमच्याकडं."

कावेरी गाडीत बसली. आईकडं बघत राहिली. गाडी गेल्यावर अनसूयाबाई आत गेल्या. त्या रंगवलेल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं, बस्स. अण्णांच्या काळजात चर्र झालं हो!

धावत गेले मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हणाला, "टाकी उपसा, फरशी फोडा, चोंदलेला पाइप काढा, नवे तीन चर घाला. सत्तर हजार."

"अरे, चाळीस म्हणाला होतास!"

"ते घालायचे. हे काढून घालायचे! आणि वर आणखी एक खर्च हाय अण्णा, तो तुमचा तुम्हालाच करावा लागंल. गेनूतात्याकडं जावा."

सत्तर हजारांसाठी अण्णांनी आधी हत्ती विकायला काढले. गिऱ्हाईक मिळेना! मग दुभती म्हैस विकली. पैसे जमले. पण शेजारच्या दारात जायला पैसे लागत नाहीत, आणि तेच जमेना! वीस पावलांचं अंतर, तीन दिवस लागले! टोपी सारखी करायची, फाटकापर्यंत जायचं, माघारी यायचं. चौथ्या दिवशी पोचले. गेनूतात्या बाजेवर भुईमूग फोडत बसलेला.

"तात्या... चुकलं माझं. तुझ्या पट्टीतनं चर न्यायचा हाय. न्हाईतर कावेरी माहेरी येत न्हाई."

तात्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्या खांद्यावर बसून शेवग्याच्या शेंगा तोडायची ती. तिच्यासाठी मागायला आलास, आन् तीन दिवस फाटकातनं माघारी फिरतोस? मी बघत हुतो की लेका! रोज च्याचं आधण ठेवत हुतो, रोज मीच पीत हुतो!"

अण्णा ढसाढसा रडले. तात्याच्या धोतरालाच डोळे पुसले! तात्यानं अट घातली एकच: "चर शेवग्यापासनं लांब ने. मुळं पाइपात शिरत्यात."

नवव्या दिवशी अंगण कोरडं. बाराव्या दिवशी कावेरी माहेरी! मुलगी झाली. बारशाला शेवग्याच्या शेंगांची आमटी — मी स्वतः तीन वाट्या प्यायलोय!

हसलात? छान. पण कुणाला हसलात?

अध्यक्षसाहेब, मघाशी तुम्ही जाहीर केलंत, देवळाच्या कळसाला सोन्याचा मुलामा, चार लाख! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण सकाळी मी देवळामागं गेलो होतो. बायकांच्या संडासाला कुलूप! का? चर चोंदलाय, वर्ष झालं. नव्याला साठ हजार लागतात, "बघू पुढच्या साली!" आणि ह्या समोरच्या मावशी — गुडघे धरून चालणाऱ्या — सात दिवस उसात जातायत! तुमच्या सप्ताहाला येऊन! लाज मलाही वाटली, कारण सात दिवस मीही विचारलं नाही.

कळस गावाला दिसतो. चर कुणाला दिसत नाही. पण तो पांडुरंग विटेवर उभा आहे — समचरण दृष्टी विटेवरी साजिरी! त्याची नजर आधी जमिनीवरच जाते!

हे माझ्या कीर्तनाचं पाकीट. फोडलेलं नाही. हंडीखाली ठेवतो, चराचं पहिलं घमेलं माझं. आणि हंडी आत्ता फुटणार नाही! आधी त्या कुलपाची किल्ली आणा, मिस्त्रीला बोलवा, उतार कुठला ते दाखवून घ्या. तोवर आम्ही नाम घेतो, आम्हाला घाई नाही. उठा अध्यक्षसाहेब!

— मावशी, तुम्ही बसा! तो डाळीच्या डब्यातला आणायचा नाही. तुमच्या वाटचं तुम्ही सात दिवस उसात जाऊन दिलंय. बाकीच्यांनी खिशात हात घाला, आणि मग मोकळ्या हातांनी टाळी वाजवा — विठ्ठल, विठ्ठल!