मैदानावरचा वाकडा आंगठा

आमची माय कशी होती सांगू? पंचाहत्तर-शहात्तर साल असंल. जिंतूरच्या मैदानावर पहेलवानाचा सिमेंटचा पुतळा करताना ड्रॉइंगच्या मास्तरांनी समोर उभं केलं आमच्या वडलांना. अन् ऐनवेळी चेहरा बसवला पुढाऱ्याच्या भावाचा! पुतळा उभा राहायच्या आत वडील वारले.

उद्घाटनाला माय आली. पुतळा बघितला अन् झटकन पदर पुढं ओढला.

मी म्हणलं, “माय, तोंड दुसऱ्याचं हाय की!”

“तोंडाकडं कोण बघायलंय? आंगठा बघ पायाचा. कुस्तीत मोडून वाकडाच बसलेला.”

तवापासून बाजाराला जायला तिनं मैदानाची लांबची वाट धरली. पुतळ्यापाशी थांबायची, इकडंतिकडं बघायची अन् हळूच म्हणायची,

“लय ऊन हाय. घरी चला की आता.”