आरतीतलं अंतर

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि एक सांगा. दोन माणसं एकमेकांना ओढत असतात, हे खरं ना? मग जवळ का येत नाहीत?

सावंतवाडीकडचे पुंडलिक नेवगी. शाळेत विज्ञान शिकवायचे. धाकटा भाऊ रामनाथ शेजारच्याच घरात — आणि दोघांत बोलणं बंद! का? तर आई आजारी पडली तेव्हा रामनाथनं दादाला न विचारता तिला मुंबईला हलवलं. ती तिथेच गेली. आपल्याला तिचं शेवटचं तोंडही दिसलं नाही, हा पुंडलिकांचा राग. गणपती मात्र दोन्ही घरांचा एकच! आरतीला दोघं खांद्याला खांदा लावून उभे. गाव म्हणायचं, काय एकी आहे!

त्या वर्षी रामनाथची नागपूरला बदली झाली. विसर्जन झालं की बिऱ्हाड हलणार. त्याची मुलगी शर्वाणी बारावीत. ती काकांकडेच गणितं घेऊन यायची. काकांनी सांगितलं, दोन वस्तूंमधलं गुरुत्वबल काढ. वस्तू तूच निवड. पोरगी कसली बिलंदर! तिनं निवडले काका आणि बाबा, आरतीत उभे असलेले! एक सत्तर किलो, एक साठ. खांदे चिकटलेले, म्हणून अंतर शून्य. शून्यानं भागायला गेली — उत्तर अनंत!

हसताय काय? तुम्हीही तेच करता, खांद्याला खांदा लागला की अंतर शून्य धरता!

काकांनी चूक दाखवली. अंतर खांद्यापासून नाही मोजायचं, मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. अर्धा मीटर धर. वस्तुमानांचा गुणाकार कर, अंतराच्या वर्गानं भाग, गुरुत्व स्थिरांकानं गुण. उत्तर किती आलं? रव्याच्या एका कणाच्या वजनाइतकं! एवढीच ओढ!

शर्वाणीनं विचारलं, "मग जास्त कोण ओढतं? तुम्ही वजनदार आहात."

"दोघंही सारखंच ओढतात. बल समान असतं."

"मग जवळ कोण येतं?"

"कोणीच नाही. जमिनीचं घर्षण पाय धरून ठेवतं. ओढ असली तरी चालायला स्वतःलाच लागतं."

बोलले, आणि सरांची नजर शेजारच्या घराकडे गेली. पोरगी वही मिटून गेली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो भरलेला. रामनाथ दोरी आवळत होता. पुंडलिक पायरी उतरले, अंगण ओलांडलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"रामू, शेवटी आईजवळ तू होतास. ती एकटी नव्हती. हे मी तुला कधीच बोललो नाही."

रामनाथच्या हातातली दोरी सुटली. म्हणाला, "दादा, ती तुझंच नाव घेत होती. सांगायला यायचं होतं रे."

आता सांगा, एवढी वर्षं अडलं कुठे? ओढ दोन्हीकडे होती. पाय कोणी उचलला नाही!

प्रसाद नंतर मिळेल. या मांडवातही दोघं शेजारी बसलेत आणि मघापासून एकमेकांकडे बघायचं टाळतायत. नावं मी घेणार नाही. मी थांबतो. तुमच्यातला एक जण आधी बोलू दे.